पेटीभर वीज

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकले. काही तासांत विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले, तारा माड-पोफळींच्या राशीखाली गेल्या, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागातल्या कित्येक गावांत लाइट परत यायला आठवडे लागले. मोबाइलचे टॉवर बंद पडले. जिथे एखादा पुन्हा सुरू झाला, तिथे फोन चार्ज करायला वीज नव्हती. अशा दिवसांत घराला लागणारी वीज खरे तर फार थोडी असते. रात्री दोन-तीन दिवे, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी एक पंखा, घरातले फोन. एवढी वीज उन्हातून घेऊन एका पेटीत साठवता येते, ती पेटी उचलून शेजारी नेता येते, आणि ज्याला मल्टिमीटर धरता येतो त्याला ती घरी बांधताही येते.

तयार पेट्या बाजारात मिळतात आणि त्यांतल्या काही चांगल्याही असतात. विजेच्या कामाची सवय नसेल तर तयार पेटीच घ्यावी, असे मी स्पष्टच सांगेन. पण ती बंद असते. आतला एक भाग बिघडला की बहुतेक वेळा अख्खी पेटी कंपनीकडे पाठवावी लागते, आणि वादळानंतर रस्ते बंद असलेल्या गावातून ती जाणार कशी? घरी बांधलेल्या पेटीतला प्रत्येक भाग सुटा आणलेला असतो, त्यामुळे सुटा बदलता येतो. आयआयटी मुंबईच्या सोलर ऊर्जा लॅम्प प्रकल्पात विद्यार्थ्यांसाठीचे दिवे गावातल्याच लोकांकडून जोडून घेतले गेले आणि दुरुस्तीचे शिक्षणही त्यांनाच दिले गेले, त्यामागे हाच विचार होता. वस्तू जिथे वापरायची तिथेच ती उघडता आणि सुधारता आली पाहिजे.

पेटीची सुरुवात कागदावर होते. दुकानात जाण्याआधी घरातल्या कोणत्या वस्तू लाइट नसताना खरोखर चालवायच्या, त्यांचे वॉट किती आणि त्या किती तास चालणार, हे लिहून काढायचे. वॉट गुणिले तास म्हणजे वॉट-तास, आणि असे १००० वॉट-तास झाले की महावितरणच्या बिलातले एक युनिट होते. कोकणातल्या साध्या घराचा अंधारातल्या दिवसाचा हिशोब करून पाहू. ९ वॉटचे तीन एलईडी दिवे पाच तास: १३५. बीएलडीसी मोटरचा ३० वॉटचा पंखा रात्रभर, म्हणजे आठ तास: २४०. (जुना ७५ वॉटचा पंखा असेल तर हाच आकडा ६०० होतो, म्हणून बॅटरी मोठी घेण्याआधी पंखा बदलावा.) चार फोन एकेकदा पूर्ण चार्ज: ८०. राउटर सहा तास: ६०. मिक्सर ७५० वॉटचा, पण दिवसाकाठी सहाच मिनिटे: ७५. बेरीज ५९० वॉट-तास. बॅटरीतली वीज २३० व्होल्टची करताना काही भाग उष्णतेत जातो, तो धरून बॅटरीतून सुमारे ७०० वॉट-तास निघतील.

फ्रिज, इस्त्री आणि गिझर या यादीत नाहीत. इस्त्री आणि गिझर उष्णता तयार करतात, आणि उष्णतेइतके महाग दुसरे काही नाही. २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात १००० वॉट-तास घेतो, म्हणजे वरचा सगळा दिवस त्यात संपून वर उधारी. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट घेतो आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो. विहिरीवरच्या पंपाचेही तसेच. ज्याला हे चालवायचे आहे त्याला पेटी नको, घराच्या छपरावर कायमची बसवलेली यंत्रणा हवी. एकाच पेटीने सगळे भागवायचा हट्ट धरला की पेटी दोन माणसांनाही उचलत नाही.

आता बॅटरी. इन्व्हर्टरखाली असते ती शिसे-आम्लाची ट्यूब्युलर बॅटरी इथे चालत नाही. ती पन्नास किलोच्या आसपास भरते, आडवी करता येत नाही आणि निम्म्याहून जास्त वारंवार रिकामी केली तर लवकर मरते. पेटीसाठी योग्य रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारातल्या बोलीत एलएफपी. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याकडे काम करताना अक्षय पाधी आणि नंजुंडस्वामी यांनी या पदार्थावर केलेले संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी गुडइनफना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळाले. या रसायनाची थोरवी त्याच्या शांत स्वभावात आहे. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे सेल तापला तरी तो सहजी सुटा होऊन आगीला हातभार लावत नाही. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेल्या गोल सेलांपासून पेटी बांधणारे लोक आहेत. ते सेल वेगळ्या रसायनाचे असतात, त्यांचे आयुष्य किती उरले हे कळत नाही, आणि त्यांतला एक पेटला की शेजारचे पेटतात. झोपायच्या खोलीत ठेवायच्या वस्तूत ते वापरू नयेत.

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट. १०० अँपिअर-तासांचे चार सेल घेतले तर १२८० वॉट-तास होतात, आणि नुसत्या सेलांचे वजन आठ-नऊ किलो. त्यातले ८५ टक्के वापरायचे ठरवले तर १०९० च्या आसपास हाताशी येतात. म्हणजे आपल्या यादीचा एक दिवस आणि वर आणखी अर्धा, उन्हाचा एक कवडसाही न पडता. पंखा फक्त मध्यरात्रीनंतर लावला आणि राउटर बंद ठेवला तर दोन दिवस. सेल घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. वापरून काढलेले सेल नवे वेष्टन चढवून विकले जातात. पूर्ण भरून, ठरावीक भार लावून, पूर्ण रिकामे करून किती अँपिअर-तास निघाले हे मोजणे हाच खरा पुरावा. त्याला एक दिवस जातो आणि तो द्यावा.

या सेलांची एक खोड लक्षात ठेवायला हवी. शिसे-आम्ल बॅटरीत व्होल्टेज पाहून चार्ज किती उरला याचा अंदाज येतो. इथे तो येत नाही. नव्वद टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते. गॅसच्या सिलिंडरसारखेच हे, ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच असते. म्हणून पेटीवर व्होल्टमीटर पुरत नाही. आत किती गेले आणि बाहेर किती आले याची बेरीज-वजाबाकी ठेवणारा, शंटवर चालणारा बॅटरी मॉनिटर बसवावा.

सौर पॅनलची गोष्ट १९५४ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये चेपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल दाखवला. पडणाऱ्या प्रकाशातला सहा टक्के भाग तो विजेत बदलत होता. आजचे चांगले पॅनल वीस-बावीस टक्के बदलतात. पॅनलवर छापलेले २०० वॉट मात्र प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश. आपल्याकडच्या एप्रिलात सेल साठ अंशांपर्यंत तापतो, आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. म्हणजे बारा टक्के नुसत्या उष्णतेने गेले. पॅनल पत्र्यावर किंवा कौलांवर चिकटवून ठेवू नये, खालून वारा खेळता ठेवावा, तो यासाठी. धूळ, वायरी, चार्जिंगमधली घट सगळे धरून छापील आकड्याचा तीन-चतुर्थांश मिळतो असे मानून चालावे.

महाराष्ट्रात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला पाच तास पूर्ण ऊन मिळते असा हिशोब धरतात. २०० वॉट गुणिले ५ गुणिले ०.७५ म्हणजे ७५० वॉट-तास, आपल्या गरजेला नेमके पुरेसे. पण पेटी लागणार ती जूनमध्ये, जुलैमध्ये. संततधारेच्या दिवशी पूर्ण उन्हाचा जेमतेम एखादा तास पदरात पडतो, आणि २०० वॉटचे पॅनल दीडशे वॉट-तासांवर येते. चार फोन आणि थोडा उजेड. इथे बहुतेक जण बॅटरी वाढवतात. माझे मत उलटे आहे, पॅनल वाढवावे. भरलीच न जाणारी मोठी बॅटरी काही उपयोगाची नाही, तर दुप्पट पॅनल ढगाळ दिवशीही दुप्पट देते. २०० वॉटची दोन पॅनल आणि १२८० वॉट-तासांची बॅटरी ही कोकणासाठी माझ्या मते योग्य जोडी. शिवाय लाइट असताना भिंतीवरच्या सॉकेटवरून पेटी भरून ठेवायला एलएफपीसाठी बनवलेला १० अँपिअरचा चार्जर हवाच. वादळाचा इशारा आदल्या दिवशी येतो आणि रिकामी बॅटरी त्याने रात्रीत भरते.

पॅनल कोणत्या दिशेला ठेवायचे याचे पुस्तकी उत्तर दक्षिणेकडे, अक्षांशाइतक्या कलाने असे आहे. रत्नागिरी १७ अंशांवर आहे, तेव्हा कल १७ अंश. हिवाळ्यात ते बरोबरच, किंबहुना डिसेंबरात पस्तीस अंशांपर्यंत उभे केले तर जास्त मिळेल. पावसाळ्यात मात्र ते चुकते. रत्नागिरीत शून्य सावलीचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्यातून ढग असले की प्रकाश एका बाजूने न येता सगळ्या आकाशातून झिरपतो. म्हणून जून-जुलैत पॅनल जवळजवळ सपाट ठेवावे, पाणी निथळेल इतकाच उतार द्यावा, आणि वर माडाची झावळी येत नाही एवढे पाहावे. पॅनलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका झावळीची सावली दोन-तीन सेलांवर पडली तरी त्या ओळीतला सगळा प्रवाह अडतो आणि पॅनलचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, बंद होतो. अंगणात पॅनल दोन हात सरकवून जे मिळते ते महागड्या उपकरणाने मिळत नाही.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर बसतो. तो दोन जातींचा असतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. १०० वॉटचे पॅनल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देत असेल, तर तेच साडेपाच अँपिअर १३ व्होल्टला मिळतात, म्हणजे ७२ वॉट. रुपयातले चार आणे तिथेच गेले. एमपीपीटी कंट्रोलर पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर ठेवतो आणि उरलेले व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. तोच घ्यावा. त्याने दोन पॅनल एकापुढे एक जोडता येतात, वायरीतला प्रवाह निम्मा होतो. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार न विसरता एलएफपी निवडावा, चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्टला थांबेल असे पाहावे. शिसे-आम्ल बॅटरीसाठीची इक्वलायझेशनची सोय १५ व्होल्टच्या वर जाते, ती बंद केली नाही तर सेलांना इजा होते.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच. चौकोनी लाटेवर पंखा घूं-घूं करतो, मोटर तापते, आणि नेब्युलायझर किंवा झोपेत श्वासाला मदत करणारे यंत्र असल्या वस्तूंना ती लाट लावूच नये. पण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहाएक वॉट खातो. चोवीस तासांत २४० वॉट-तास, आपल्या यादीतला रात्रभराचा पंखाच. म्हणून पेटीला १२ व्होल्टची थेट लाइन आणि यूएसबीची सॉकेट द्यावीत. फोन आणि १२ व्होल्टचे एलईडी दिवे त्यावर, आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता किंवा पंख्यापुरता. १२ व्होल्टवर चालणारा बीएलडीसी पंखा मिळाला तर तोही थेट लाइनवर.

इथपर्यंत सगळी खरेदी झाली. पेटी चांगली की घातक हे यानंतर ठरते, आणि ते जोडण्यांवर ठरते. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला तर १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून ८७ अँपिअर ओढतो. घरातल्या सगळ्यात जाड वायरीतूनही एवढा प्रवाह सहसा जात नाही. एखादा जोड ढिला राहिला आणि तिथे ओमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा आला, तर ८० अँपिअरला त्या एका बिंदूवर ६४ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग गनच्या टोकाएवढी, प्लास्टिकला चिकटून. म्हणून वायर २५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची, मऊ. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत कलई केलेली तांब्याची असेल तर उत्तम, नाहीतर दोन पावसाळ्यांत ती हिरवी पडते. टोकाला थिंबल हायड्रॉलिक पकडीने दाबून बसवायचे, हातोडीने ठोकून नाही, आणि नुसत्या डागावर विसंबून तर नाहीच. सेलच्या टर्मिनलवर थिंबलचे तांबे थेट टेकले पाहिजे. स्टीलचा वॉशर थिंबलच्या वर यायचा, खाली नाही. स्टील विजेला तांब्याच्या कित्येक पट अडवते, आणि वॉशर मध्ये सरकला की वरून नट कितीही घट्ट असला तरी तो जोड तापत राहतो. पहिल्यांदा पूर्ण भार लावल्यावर दहा मिनिटांनी इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक जोडाजवळ हात न्यावा. एखादा बाकीच्यांहून गरम लागला तर तो उघडून पुन्हा करावा.

फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण त्याच्या अलीकडच्या तुकड्याला कुणाचे संरक्षण नसते. एलएफपीचे सेल शॉर्ट झाले तर काही हजार अँपिअर सोडतात. गाडीच्या म्युझिक सिस्टिमसाठीचा स्वस्त फ्यूज वितळला तरी त्याच्या आत ठिणगीचा पूल तयार होऊन प्रवाह चालूच राहू शकतो. भिंतीतली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी विझायला जागा मिळते. डीसीला शून्य नसते. म्हणून इथे टी वर्गाचा, १२५ अँपिअरचा फ्यूज घ्यावा, आणि पॅनलच्या बाजूचा स्विच डीसीसाठी बनवलेलाच असावा. घरच्या बोर्डावरचा एमसीबी इथे चालत नाही.

बीएमएस नावाची पट्टी चारही सेलांवर लक्ष ठेवते. एखादा जास्त भरला, जास्त रिकामा झाला, प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर ती बॅटरीची जोडणी तोडते. तिला जाणाऱ्या बारीक वायरींचा क्रम चुकला तर पट्टी तिथेच जळते. सॉकेट खोचण्याआधी मल्टिमीटरचे काळे टोक ऋण टर्मिनलवर ठेवावे आणि लाल टोक एकेका पिनेवर. ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढत जायला हवे. एक आकडा मागे-पुढे दिसला तर थांबावे. सेल एकापुढे एक जोडण्याआधी चारही समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरून घ्यावेत, म्हणजे चौघे एकाच रेषेवरून निघतात. काम करताना हातातली अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढावी आणि पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळावी. १३ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण पान्याने दोन टर्मिनल जोडली गेली तर त्याचा धातू वितळून उडतो.

पेटी प्लायची किंवा जाड प्लास्टिकच्या टूलबॉक्सची, मूठ मजबूत, आणि सेल हलणार नाहीत असे आवळून बसवलेले. इन्व्हर्टरच्या पंख्यासाठी दोन्ही बाजूंना झरोके, त्यांवर बारीक जाळी. कोकणातल्या घरात पाल आणि मुंग्या उबेला हटकून येतात, आणि पाल दोन टर्मिनलांवर आडवी झाली की पेटी बंद. वापरात नसताना पेटी निम्मी भरून सावलीत ठेवावी, बंद गाडीत किंवा पत्र्याखाली नाही. सततच्या उष्णतेने सेल लवकर म्हातारे होतात. आणि ही पेटी विमानात नेता येत नाही. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशांना मनाई आहे.

एक गोष्ट मात्र कोणीही, कधीही करू नये. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर बनवून इन्व्हर्टरची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडायची युक्ती काही जण सांगतात. त्या क्षणी ती वीज मीटरमधून बाहेर, गावच्या तारांवर जाते. डीपीवरचे रोहित्र दोन्ही दिशांनी चालते. २३० व्होल्ट उलटे गेले की पलीकडे ११,००० होऊ शकतात, आणि त्याच वेळी पावसात खांबावर चढलेला वायरमन ती तार मेलेली समजून हातात घेतो. पेटीचे सॉकेट पेटीवरच ठेवा, दिवा आणि पंखा त्याला सरळ जोडा.

पेटी बांधून झाली की मे महिन्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. दोन रात्री त्या पेटीवर काढा, मॉनिटरवरचे आकडे कागदावरच्या हिशोबाशेजारी लिहा, कुठला जोड तापतो, कुठली वायर आखूड पडते ते बघा. शेजारच्या घरात दम्याचे किंवा श्वासाच्या यंत्रावरचे कोणी असेल तर त्या यंत्राचे वॉट आत्ताच विचारून ठेवा आणि ते पेटीवर एकदा चालवून पाहा. सुटे भाग मिळणारी दुकाने तेव्हा उघडी असतात.